दाजीपूरच्या रानाशेजारी पाहुण्यांची सोय: खोल्या आखण्याआधी पाणी मोजा

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पंधरा लिटरची बादली आणि मोबाईलमधलं स्टॉपवॉच घेऊन झऱ्यावर जा. बादली किती वेळात भरते ते तीनदा मोजा आणि सरासरी काढा. पाहुण्यांच्या स्वयंपूर्ण निवासाचा आराखडा इथून सुरू करायचा. आर्किटेक्टला नंतर बोलवा.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी-दाजीपूर पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने इतकं पाणी पडतं, की इथं तुटवडा पडेल हे पटतच नाही. पण पायाखाली जांभा आहे. तो पाणी जितक्या लवकर पितो तितक्याच लवकर सोडतो. दिवाळीत मनगटाएवढी धार असलेला झरा मेमध्ये करंगळीएवढा होतो. ऑक्टोबरातली धार बघून दहा खोल्यांचा बेत आखायचा आणि एप्रिलपासून टँकरच्या मागं लागायचं, ही या भागातली नेहमीची चूक आहे. घाटरस्त्यानं टँकर आणायला लागला की ‘स्वयंपूर्ण’ हा शब्द पाटीवरून पुसावा.

समजा मेमध्ये बादली भरायला दहा मिनिटं लागली. म्हणजे मिनिटाला दीड लिटर, दिवसाला २,१६० लिटर. यातला एक तृतीयांशच आपला धरायचा, म्हणजे ७२० लिटर. उरलेलं खाली वाडीला आणि रात्री उतरणाऱ्या गव्यांना जातं. झऱ्यावर टाकी बांधून सगळी धार पाइपात घेतली, तर पहिल्याच उन्हाळ्यात गवे पाण्यासाठी वाडीच्या विहिरीकडे वळतील आणि त्याचा दोष तुमच्यावर येईल. तो योग्यच असेल.

माणशी हिशेब असा धरा: पिणं-स्वयंपाक १० लिटर, बादलीची अंघोळ २५, संडास १५, भांडी-हातधुणी १०, चादरी-टॉवेल १५. एकूण ७५ लिटर. शॉवर लावला की हाच आकडा १२० च्या पुढं जातो, म्हणून शॉवर नको. न्हाणीत बादली, तांब्या आणि बसायला दगडी पाट ठेवा. फ्लशची टाकी ३ आणि ६ लिटरच्या दोन बटणांची घ्या. सहा खोल्यांत १२ पाहुणे आणि तीन कामाची माणसं, असे भरल्या दिवशी १५ जण, म्हणजे १,१२५ लिटर. पण कोल्हापूर-सांगलीहून येणारा पाहुणा शनिवार-रविवारचा. वर्षाची सरासरी ४० टक्के धरली तर रोज पाच पाहुणे आणि तीन कामगार, म्हणजे साधारण ६०० लिटर. झऱ्याचा मेमधला वाटा ७२० आहे, म्हणजे सरासरीला जेमतेम पुरतो आणि शनिवारी कमी पडतो. वाईट वर्षी झरा आटलाच, तर फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांना ७२,००० लिटर लागतील. तेवढं पावसाचं पाणी साठवता आलं तर सहा खोल्या बांधा, नाही तर चार.

जागा आणि कागद

अभयारण्याच्या हद्दीत खाजगी निवास होत नाही, त्यामुळे तो विषय इथंच सोडू. दाजीपूरला १९५८ साली संरक्षण मिळालं, पुढं त्याचं राधानगरी वन्यजीव अभयारण्य झालं आणि २०१२ पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत आहे. भोवती इको सेन्सिटिव्ह झोन आहे. अशा झोनच्या अधिसूचनांत हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत नवीन व्यापारी हॉटेल-रिसॉर्टला सहसा बंदी असते. निसर्ग पर्यटनासाठी छोट्या, तात्पुरत्या स्वरूपाच्या बांधकामाला मात्र वाट ठेवलेली असते. ‘तात्पुरत्या’ हा शब्द नीट लक्षात ठेवा, पुढची सगळी रचना त्यावर बेतायची आहे. सातबारावर ‘इतर हक्क’ रकान्यात वनाची नोंद नाही ना, ते तलाठ्याकडून आणि वनविभागाकडून, दोन्हीकडून तपासा. बिगरशेती, ग्रामपंचायतीचा ठराव आणि वनविभागाचं पत्र हाती येईपर्यंत जेसीबी जागेवर आणू नका. वाडीत आधीच घर असेल तर नवं बांधण्यापेक्षा दोन खोल्या नीट करून ‘निवास व न्याहारी’ योजनेत जाणं कितीतरी सोपं पडतं.

सड्यावर बांधू नका. उघडा कातळ मोकळी जागा वाटतो, पण पावसाळ्यात तिथल्या बोटभर मातीत जी वनस्पती उगवते ती दुसरीकडे जगत नाही. शिवाय कातळावर सांडपाणी मुरत नाही. जुनी पडीक खाचरं किंवा घराचा जुना चौथरा असेल ती जागा चांगली. गव्यांची वाट कुठून जाते हे गावातल्या गुराख्याला विचारा. त्या वाटेवर काही येऊ देऊ नका, कुंपणसुद्धा नाही.

टाक्या

छप्पर कमी पडत नाही, साठा कमी पडतो. सहा खोल्या, सोपे (ओसऱ्या) आणि स्वयंपाकघर मिळून २०० चौरस मीटर छप्पर होतं. एक मिलिमीटर पावसाचे त्यावर २०० लिटर पडतात, गळती-उडवण वजा जाता १६० मिळतात. म्हणजे ८७,००० लिटर भरायला साडेपाचशे मिलिमीटर पाऊस हवा. दाजीपूरला तो जुलैच्या पहिल्या जोरातच होऊन जातो.

८७,००० हा आकडा असा येतो: ७२,००० वापराचे, सुमारे ५,००० गळती-बाष्पाचे आणि १०,००० वणव्यासाठी राखीव. एकच मोठी टाकी बांधण्यापेक्षा ४५,००० लिटरच्या दोन बांधा. एक तडकली किंवा धुवायला काढली तरी दुसरी चालते. फेरोसिमेंटची गोल टाकी घ्या, आतला व्यास ५ मीटर, पाण्याची उंची २.३ मीटर. भिंत ५० मिलिमीटर, आत वेल्डमेश, त्यावर दोन्ही बाजूंनी कोंबडीजाळी, सिमेंट-वाळू १:३. पाया कठीण दगडापर्यंत न्या. भरावावर बांधलेली टाकी पहिल्याच भरणीत एका बाजूला बसते आणि चीर तळाशी पडते, जिथं ती दिसत नाही.

फेरोसिमेंट कशानं बिघडतं, तर अपुऱ्या क्युरिंगनं, म्हणजे सिमेंट घट्ट होईपर्यंत ओलं न ठेवल्यानं. एप्रिलच्या उन्हात सकाळ-संध्याकाळ पाणी मारून भागत नाही. ओली गोणपाटं गुंडाळून १४ दिवस ती सुकू द्यायची नाहीत. त्यासाठी पाणी लागतं आणि ते एप्रिलमध्ये नसतं, म्हणून टाक्या डिसेंबरातच करा. पुढंही टाकी कधी कोरडी ठेवू नका. तळाला वीतभर पाणी असू द्या.

वणव्याचा साठा माणसाच्या शिस्तीवर सोडू नका. एका टाकीला घरगुती वापराचा नळ तळापासून ५१ सेंटिमीटर वर बसवा. त्याखाली बरोबर दहा हजार लिटर राहतात आणि घरातले नळ कोरडे पडले तरी ते हलत नाहीत. तळाशी वेगळा दोन इंची कॉक, त्याला तांबडा रंग आणि शेजारी टांगलेली ३० मीटर नळी. फेब्रुवारीत आवाराभोवती तीन मीटरची जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा मोकळा पट्टा, साफ करा.

मंगलोरी कौलांवर जूनच्या पहिल्या सरींत वर्षभराची धूळ, शेवाळ आणि वानरांची विष्ठा वाहून येते. पहिले आठ दिवस पन्हाळीचं पाणी सरळ चरात सोडा. टाकी भरायची घाई नाही. खरं तर जुलैत भरलेलं पाणी ऑगस्टअखेर काढून टाका आणि सप्टेंबरात छप्पर धुऊन निघालेलं असताना पुन्हा भरा. ऑक्टोबरच्या पावसावर विसंबू नका. वाटेत गाळणी हवी: खाली ४० मिमी गोटे, वर १० मिमी खडी, सगळ्यात वर धुतलेली वाळू, प्रत्येकी एक फूट. पन्हाळ १५० मिमीची घ्या. १०० चौरस मीटर छपरावर तासाला १०० मिलिमीटरची सर आली की सेकंदाला पावणेतीन लिटर पाणी येतं. चार इंची पन्हाळीवरून ते ओसंडून भिंतीवर जातं. टाकीचा ओव्हरफ्लो आत येणाऱ्या पाइपाएवढाच जाड ठेवा, त्याच्या तोंडाला डासांची जाळी लावा आणि पाणी दगडी चरात काढा. ते घराच्या जोत्याकडे वळलं तर पुढच्या वर्षी भिंत सांगेल.

पिण्यासाठी रोजच्या हजार लिटरच्या टाकीत ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर द्रावण करून घाला, अर्धा तास थांबा आणि ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का याची चाचणी, करा. ग्रामपंचायतीचा पाणीवाला हेच करतो. त्याच्याकडून एकदा शिकून घ्या. उघडं ठेवलेलं टीसीएल पावसाळी हवेत महिन्याभरात निकामी होतं, म्हणून लहान डबे आणा.

सांडपाणी

इथं बहुतेक निवास फसतात. शहरातला नकाशा उचलून सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा काढला जातो, आणि जुलैत जमिनीतलं पाणी वर येऊन शोषखड्डा उलटा भरतो. पाणी मुरण्याऐवजी आत येतं आणि संडासात गुडगुडायला लागतं. म्हणून इथं शोषखड्डा नको. सेप्टिक टाकी दोन कप्प्यांची, २.३ मीटर लांब, १.१ रुंद, पाण्याची खोली १.३ मीटर. १५ माणसांना पुरते. पहिला कप्पा दोन तृतीयांश. झाकण जमिनीच्या एक फूट वर ठेवा म्हणजे पागोळ्यांचं पाणी आत जाणार नाही. मैला उपसणारी गाडी टाकीपासून ३० मीटरपर्यंत येते का, हे बांधण्यापूर्वी बघा.

टाकीतून निघालेलं पाणी आणि न्हाणी-मोरीचं पाणी मिळून खडीच्या वाफ्यात सोडायचं. माणशी एक चौरस मीटर, म्हणजे ५ मीटर बाय ३ मीटर, खोली ६० सेंटिमीटर, तळाला जाड प्लास्टिकचं अस्तर, दोन्ही टोकांना ५० मिमीचे गोटे, मध्ये १० ते २० मिमी खडी. पाण्याची पातळी खडीच्या पाच सेंटिमीटर खाली राहिली पाहिजे, म्हणजे वासही नाही आणि डासही नाहीत. वर कर्दळ लावा.

आता पावसाचं गणित. १५ चौरस मीटर वाफ्यावर दिवसात १०० मिमी पाऊस पडला तर १,५०० लिटर पाणी भरतं. तुमचं भरल्या दिवसाचं सगळं सांडपाणीही तेवढं नाही. अर्धवट शुद्ध झालेलं पाणी त्या लोंढ्यात सरळ ओढ्याला जातं. म्हणून वाफ्यावर पारदर्शक पत्र्याचं हलकं छप्पर हवंच. कर्दळीला ऊन मिळतं आणि पाऊस बाहेर राहतो. ही गोष्ट नकाशात क्वचित दिसते.

स्वयंपाकघराच्या मोरीला ६० लिटरचा तेल अडवणारा हौद वेगळा द्या. कोल्हापूरकर पाहुणा म्हणजे तांबडा रस्सा आलाच. त्याचा कट मोरीतून वाफ्यात गेला की खडीच्या फटी बुजतात आणि वाफा वर्षभरात तुंबतो. हौदावरचा तवंग दर आठवड्याला काढून मातीत पुरा. संडासात ॲसिड आणि फिनेल वापरू नका. सेप्टिक टाकीतले जिवाणू मरतात आणि टाकी नुसती साठवणीची होते. साबणाचं पाणी आणि ब्रश पुरे.

भिंत आणि छप्पर

झड नैऋत्येकडून येते. त्या बाजूला न्हाणी, कोठी आणि बिनखिडकीची भिंत ठेवा. सोपा आणि खोल्यांची दारं पूर्वेला. वळचण भिंतीपासून किमान चार फूट पुढं हवी आणि जोतं अडीच फूट उंच. जोतं आणि कमरेपर्यंतची भिंत जांभ्याची. खाणीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो, उघड्यावर राहिला की घट्ट होतो, म्हणून तो काही महिने आधी आणून ठेवा. त्यावर पोलादी किंवा लाकडी सांगाडा नटबोल्टचा, म्हणजे उद्या सोडवून नेता येतो. परवानगीतला ‘तात्पुरता’ शब्द इथं खरा होतो. वेल्डिंग केलेला सांगाडा सोडवता येत नाही आणि या हवेत जोडापासूनच गंजतो.

बांबू मेस किंवा चिवा, तीन वर्षांपेक्षा जुना, पावसाळ्यानंतर तोडलेला. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड ३:२ प्रमाणात, पाण्यात ५ टक्के, आठ-दहा दिवस बुडवून ठेवा. त्याआधी पेरांना आरपार भोक पाडा, नाही तर आत द्रावण जात नाही. ही औषधं पावसात धुऊन जातात, म्हणून बांबू फक्त छपराखाली वापरा. कौलांखाली पत्र्याचा थर द्या. वानर उड्या मारणारच, कौल फुटलं तरी पाणी पत्र्यावरून जातं. आणि पन्नासेक कौलं जादा ठेवा.

वीज

गावापर्यंत तार आली असली तरी जुलैत एक झाड पडलं की दोन-तीन दिवस अंधार, असं धरूनच हिशेब करा. सात वॅटचे ३० दिवे पाच तास म्हणजे १,०५० वॅट-तास. ३० वॅटचे, कमी वीज खाणारे सहा बीएलडीसी पंखे आठ तास, १,४४०. फ्रीज ८००. अर्ध्या एचपीचा पंप तासभर, ३७०. मिक्सर, चार्जिंग, राउटर ४५०. एकूण ४.१ युनिट. चौथा भाग वाया जातो असं धरून साडेपाच युनिट तयार झाले पाहिजेत. उन्हाळ्यात पाच तासांचं ऊन धरलं तर १.१ किलोवॅट पुरतं. तरी २ किलोवॅट बसवा. भर पावसात दोन तासांएवढंच ऊन मिळालं तर तीन युनिट येतात आणि तेवढ्यात फ्रीज, दिवे आणि पंप चालतात. पाहुणे त्या दिवसांत नाहीतच, कारण पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांना बंद असतं. तुम्हीही तेव्हा बंद ठेवा आणि डागडुजी करा.

बॅटरी ४८ व्होल्ट, २०० ॲम्पिअर-अवर, लिथियम आयर्न फॉस्फेट. इन्व्हर्टर ३ केव्हीए. पॅनेल दक्षिणेला, १५ ते २० अंश तिरपी. सपाट बसवली तर खालच्या कडेला शेवाळ धरतं आणि एका ओळीतलं उत्पादन पडतं. वळवाच्या विजांसाठी अर्थिंग नीट हवं आणि जांभ्यात ते सहज मिळत नाही. एक सळई ठोकून भागत नाही. तीन सळया, तीन-तीन मीटर अंतरावर, भोवती बेंटोनाइट, सगळ्या तांब्याच्या पट्टीनं जोडलेल्या. इन्व्हर्टरच्या जाळीतून पाली आत शिरतात आणि सर्किटवर चिकटतात. बारीक स्टीलची जाळी लावा, पण हवा बंद करू नका.

ओढ्यावर छोटं जलविद्युत यंत्र बसवायचा मोह होतो. सेकंदाचे लिटर गुणिले उताराचे मीटर गुणिले पाच, एवढे वॅट मिळतात. ४ लिटर आणि १५ मीटरला ३०० वॅट. पण ज्या चार महिन्यांत ओढा वाहतो त्यात तुमच्याकडे पाहुणा नाही. परवानगीची आणि पानांनी तुंबणाऱ्या जाळीची कटकट त्यासाठी घेऊ नये. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, कुणी बटण दाबायला लागत नाही. तसंच टाक्या उंचावर बांधून पाणी उतारानं नळाला आणलं, तर तुमचा पंप रोज तासभरच चालेल.

जळण, खरकटं, उजेड

रानातलं जळण वापरायचं नाही, गावातून ‘विकत’ आलेलं सुद्धा. ते रानातूनच आलेलं असतं. दोन घनमीटरच्या दीनबंधू गोबरगॅसला रोज ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. शेजारच्या गोठ्याशी करार करा, बदल्यात स्लरी द्या. यातून रोज पाऊण-एक किलो एलपीजीएवढा गॅस मिळतो, म्हणजे १९ किलोचा सिलिंडर तीन आठवड्यांनी एक कमी. सगळा स्वयंपाक त्यावर होत नाही आणि थंडीत गॅस कमी पडतो, त्यामुळे सिलिंडर ठेवावाच लागतो. अंघोळीसाठी ३०० लिटरचा सोलर हीटर आणि ढगाळ दिवसांसाठी बंब. बंबात बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, ब्रिकेट (दाबलेल्या विटा) जाळा. साखरपट्ट्यात त्या मिळतात.

मटणाची हाडं उघड्या खड्ड्यात टाकली की आधी कुत्री येतात आणि कुत्र्यांमागं बिबट्या. हाडं कडीच्या पत्र्याच्या पिंपात ठेवा आणि दर सोमवारी परतीच्या गाडीनं खाली न्या. प्लास्टिकही तसंच.

दिवे पिवळसर, २,७०० केल्विनचे, खाली तोंड केलेले, वाटेवर गुडघ्याच्या उंचीला. फ्लडलाइट नको. मेअखेर काजवे बघायला लोक राधानगरीला येतात आणि तुमच्या आवारातल्या एका पांढऱ्या दिव्यानं झाडभर काजवे विझतात. रात्री नऊनंतर बाहेरचे दिवे एका मुख्य बटणावर बंद होतील असं वायरिंग करा. पाहुण्याच्या खोलीत टॉर्च ठेवा. सापासाठी तीच खरी काळजी.

उघडण्यापूर्वी

बांधकाम नोव्हेंबरात सुरू करा, टाक्या डिसेंबरात, छप्पर एप्रिलआधी. टाक्या एका पावसाळ्यात भरू द्या. मग पुढच्या मेमध्ये, झरा सगळ्यात बारीक असताना, कोल्हापूरहून बारा पैपाहुणे दोन रात्रींसाठी फुकट बोलवा. लहान मुलं असलेलं एक कुटुंब त्यात हवंच. त्यांना पाणी जपून वापरा असं सांगू नका. मुख्य नळावर मीटर बसवा आणि रात्री नऊला व सकाळी दहाला आकडा लिहा. सकाळी सहा ते नऊमध्येच अर्ध्याहून जास्त पाणी जातं हे दिसेल. रोजच्या टाकीचा आकार त्यावरून पक्का करा. दिवसाचा खप १,१२५ लिटरच्या आत बसला तर सहाही खोल्या उघडा. १,५०० गेला तर आधी कुठला नळ गळतोय ते बघा. गळत नसेल तर एका खोलीचं कुलूप तसंच राहू द्या.